पाचवा तारा

मी माऊस बोलतोय. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका फ्लॅटमधल्या कॉम्प्युटरचा, काळा, वायरवाला माऊस. एरवी टकटक करण्यापलीकडे मला आवाज नाही. पण आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, हजारो भावंडांसोबत. एम.जी. रोडवरच्या दुकानातून रंगनाथकाकांनी मला आणलं ते पत्नीसाठी, सुधाताईंसाठी. ताई येवल्याच्या विणकरांना पैठणीच्या काठापदराची नक्षी काढून देतात. आधी चौकटीच्या कागदावर काढायच्या, नंतर कॉम्प्युटरवर.

पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. गोळ्या सुरू झाल्या, तरी थरथर राहिलीच. हात हलेल तसा मी हलणार, माझा काय इलाज? पण त्यांच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्थिर रेघ' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की हात कितीही थरथरो, पडद्यावर रेघ अशी सुरेख उमटायची की बघत राहावं. त्या बटणाच्या भरवशावर ताई गुणगुणत मोर काढायच्या.

गेल्या महिन्यात एका सकाळी अपडेट आलं. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. ताई चहा घेऊन आल्या तोवर सगळं नवं कोरं, गुळगुळीत. आणि 'स्थिर रेघ' गायब. त्यांनी मान काढायला घेतली, तर मोराच्या मानेची करवत झाली.

काकांनी सगळे कानेकोपरे धुंडाळले, मग कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, ते फीचर फार थोडे लोक वापरायचे, म्हणून काढलं."

"ज्यांना लागतं तेच वापरणार ना, बाई?" काका म्हणाले. जुनं सॉफ्टवेअर परत टाकून द्या म्हटलं, तर तेही मिळणार नाही म्हणे.

विणकर दिनेश येवल्याहून आला. त्याचा माग नक्षीसाठी अडून होता. "मावशी, वाकडं असलं तरी द्या. मी विणताना सरळ करून घेईन."

"नको रे. वाकडी रेघ मी आजवर कुणाला दिली नाही."

काठ दुसऱ्या कुणाकडून करून घे, असं त्याला सांगताना ताईंनी माझ्यावरचा हात काढून पदराखाली घेतला. त्यानंतर मी नुसता पडून होतो.

काल पडद्यावर एक चौकट उघडली. 'नवीन आवृत्ती कशी वाटली?' खाली पाच पोकळ तारे. ताईंनी कितीतरी दिवसांनी मला धरलं. एकच तारा द्यायचा आणि खाली कारण लिहायचं, असं त्या काकांना सांगत होत्या. कारणाची वाक्यंसुद्धा त्यांनी मनाशी जुळवली होती. बोट दाबलं आणि नेमका हात थरथरला. मी सरकलो. पाचही तारे पिवळे झाले.

'धन्यवाद! तुम्हाला आवडलं याचा आम्हाला आनंद आहे.' चौकट मिटली, ती काही केल्या परत उघडेना.

अहो कंपनीवाले, वापरणारी माणसं मोजता ना तुम्ही? मग हेही ऐका. ते तारे सुधाताईंनी दिलेले नाहीत. तेवढे काढून टाका. काढून टाकणं तर तुम्हाला चांगलंच जमतं.