तारवाले, प्लेटवाले आणि रोडग्यांची कणीक

राजापेठच्या खुशालरावांनी रमी जिंकल्याच्या आनंदात ओट्यावर बुक्की मारली. ओटा शाबूत राहिला. करंगळीमागचं, तळहातातलं हाड मात्र गेलं.

घरचे हळहळले, खुशालराव खूश झाले. त्यांची लेक आचल अकोल्याच्या एका दवाखान्यात हाडांची डॉक्टर होत होती आणि तिचा प्रबंध नेमका याच हाडांवर होता. तुटलेलं हाड तारांनी धरावं की प्लेट-स्क्रूनी? वीस जणांना तारा, वीस जणांना प्लेट. कोणाला काय, ते चिठ्ठी ठरवणार. दोनच रोगी कमी पडत होते. "बाप कामी आला," असं त्यांनी एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं.

चिठ्ठीत तारा निघाल्या.

"तार कुंपणाले लावतात, पोरी. मले प्लेट दे."

"चिठ्ठी बापाले ओळखत नाई, बाबा."

ऑपरेशन तिच्या सरांनी केलं. शेजारच्या खाटेवर अकोल्याचे बुधाजी, त्यांना प्लेट आणि सहा स्क्रू. पंधरा दिवसांत बुधाजी बोटं मोकळी हलवू लागले. खुशालरावांचा हात महिनाभर प्लास्टरात. तारा काढल्या तेव्हा मूठच वळेना.

"काहो तारवाले," बुधाजींनी विचारलं, "तारा होत्या तवा आकाशवाणी लागे का?"

हे फार लागलं. तारा हरल्या तर पोरगी हरली, असं खुशालरावांनी परस्पर ठरवून टाकलं. तपासणीच्या रांगेत त्यांनी बाकी एकोणीस तारवाल्यांचे नंबर घेतले आणि घरोघरी, गोवऱ्यांवर भाजतात त्या रोडग्यांची घट्ट कणीक रोज मळायला लावली.

तीन महिन्यांच्या तपासणीत तारवाल्यांनी मुठीचा जोर मोजायचं यंत्र असं दाबलं, की सर चष्मा पुसू लागले. आचलने एकाची नखं पाहिली. कणीक. दुसऱ्याचीही. कणीक.

"बाबा, काय केलं तुमी?"

"तुले जिंकवून राहिलो."

"मी कोणाच्याच बाजूनं नाई. आता यातला तारांचा जोर कोणता अन् कणकेचा कोणता, कसं सांगू? तीन वर्षांची मेहनत हाय माही."

खुशालरावांनी आपल्या नखांतली कणीक कोरून काढली. मग म्हणाले, "बुधाजीचं घर कुठी हाय?"

आचलने सरांना सगळं सांगितलं, झालं तसं लिहून ठेवलं. निकाल सहा महिन्यांच्या मोजणीवर लावायचा आणि तोवर मळायचं ते चाळीसही जणांनी, असं ठरलं. खुशालराव बुधाजींच्या अंगणात परात घेऊन बसले. "दाबा, प्लेटवाले. लाजू नका." समोरच्या पहिलवानाला स्वतःच डाव शिकवावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

सहा महिन्यांनी प्लेटवाले म्हणाले, आमची बोटं आधी सुटली. तारवाले म्हणाले, आमचा हात चिरावाच लागला नाही. मुठीचा जोर मात्र दोन्हीकडे सारखा. खुशालराव एकतीस किलो, बुधाजी एकतीस किलो.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधात पाहून विचारलं, "व्यायाम: रोडग्यांची कणीक. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, सर. बाहेर बाकावर बसलंय."

दार उघडलं. खुशालराव उठले, हात जोडले. करंगळी सरळ होती.

"बिघडवलं मी, साहेब," ते ताठ मानेनं म्हणाले. "दुरुस्त पोरीनं केलं."