डोमोइचा काढा

जपानच्या दक्षिणेकडच्या टोकुनोशिमा बेटावर मित्सुएबाईंना कोणी वाईट म्हणत नसे, पण त्यांच्या ओसरीवर कोणी टेकतही नसे. तशी तजवीज बाईंनी स्वतःच केली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा योशिहारु तिकडे लांब आमागासाकीला, कारखान्यात. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी बाई तो दोन वाक्यांत उरकायच्या. "बरी आहे मी. तुला कामं असतील, जा." मग कितीतरी वेळ फोनशेजारीच बसून राहायच्या. आता याला काय म्हणावं! पोराच्या आवाजासाठी आठवडाभर झुरायचं आणि आवाज आला की पळ काढायचा.

त्या वर्षी कागोशिमाच्या विद्यापीठातून किताझोनो नावाचा एक तरुण डॉक्टर बेटावर आला. त्याला डोमोइ हवं होतं. डोमोइ म्हणजे खडकावरचं तांबडं शेवाळ. पूर्वी पोरांना जंत झाले की त्याचाच काढा पाजायचे. गोळ्या आल्यावर खडक खरवडायला कोण जातंय? नेमका खडक ठाऊक असलेल्या एवढ्या मित्सुएबाईच उरल्या होत्या.

"जंतांसाठी नको आजी, मेंदूसाठी हवंय," डॉक्टर म्हणाला.

"तुमच्या का?"

"माझा आता काय सुधारतोय! उंदराच्या."

बाईंना हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं. त्यांनी चहा ओतला, काळ्या गुळाचे खडे पुढे ठेवले आणि विचारलं, "मेंदूला काय करतं हो ते?"

"मेंदूतल्या पेशींना कवाडं असतात असं समजा. शेजारची पेशी ग्लुटामेट नावाचं द्रव्य सोडते. ते कवाडाला लागलं की कवाड उघडतं, पेशी जागी होते आणि निरोप पुढे धाडते. काम झालं की ग्लुटामेट बाजूला होतं. डोमोइतलं द्रव्य बरंचसं त्याच्यासारखंच, पण ते कवाडात बसलं की हलायचं नाव घेत नाही. पेशी बिचारी ओरडत सुटते. फार झालं तर अख्खी आळी ओरडायला लागते."

"म्हणजे फीट," बाई म्हणाल्या.

डॉक्टर चपापला. "हो. फीटच."

एकतीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी या परक्या पोराला सांगून टाकलं. योशिहारु सात वर्षांचा होता. काढा दिला, जंत पडले नाहीत. सासू म्हणाली, आता पुरे. पण बाईंना धीर कुठला! दुसऱ्या दिवशी पहाटे सासूच्या चोरून त्यांनी आणखी दाट काढा केला आणि पोराला उपाशीपोटी पाजला. आठ महिन्यांनी पोर गोठ्यात तोंडाला फेस येऊन पडलं. बेटावर बैलांच्या झुंजी लागतात; मोठं होऊन त्याला घरच्या झुंजीच्या बैलाचा कासरा धरायचा होता. बापाने त्या दिवसापासून त्याला बैलापाशी उभं केलं नाही.

"माझ्या हातून झालं हो ते. त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमतच झाली नाही माझी."

डॉक्टरने पेला खाली ठेवला. "काढा प्यायला त्या दिवशी उलट्या झाल्या? भ्रमल्यासारखं केलं? शुद्ध हरपली?"

"छे! तीन रताळी खाऊन खेळायला पळाला."

"मग आजी, ते काढ्याने झालेलं नाही. मेंदूला कायमची इजा व्हायची, तर पोर त्याच दिवशी अंथरुणाला खिळलं असतं. फीट पुष्कळ पोरांना येते, डोमोइ न पाहिलेल्यांनासुद्धा."

"शपथेवर सांगता?"

"तुमच्यावर खटला भरला तर शपथेवर साक्ष द्यायला येईन."

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच, त्यांना रडू फुटलं. "मग एकतीस वर्षं मी कसली शिक्षा भोगली? आणि त्या पोराला कसली दिली?"

संध्याकाळी बाईंनी आपण होऊन आमागासाकीला फोन लावला. योशिहारु घाबरलाच. "काय झालं, आई? पडलीस का?"

"नाही रे. ऐक." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चोरून केलेला काढा, दुसरा वाडगा, डॉक्टरचं बोलणं. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही.



"काढ्याचं मला ठाऊक होतं," योशिहारु म्हणाला. "आजीने भांड्यातला गाळ पाहिला होता. ती जायच्या आधी तिने मला सांगितलं."

"ठाऊक होतं? मग इतकी वर्षं काही बोलला का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? पोर बरं व्हावं म्हणूनच केलंस ना तू. मी वेगळंच समजत होतो."

"काय?"

"फीट येणारं पोर म्हणून तुला माझी लाज वाटते, असं. म्हणूनच तर इतक्या लांब आलो, आई. तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून."