पैनगंगेच्या काठाने दोन विहिणी

मुलगा प्रशांत आणि सून केतकी यांनी आदल्या संध्याकाळी अंग काढून घेतलं, तेव्हा पैनगंगेच्या काठाने पायी जायचा बेत बारगळला असंच शेजाऱ्यांना वाटलं. पण हैदराबादेतल्या तारनाक्याच्या चारुलताबाई ठरलेलं मोडणाऱ्या नव्हत्या. रेल्वेच्या कचेरीत हयात काढलेली बाई. नवरा गेल्यावर मुलाला एकटीने मार्गी लावलं, आणि निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे विद्यापीठाच्या आवारात घाम येईस्तोवर चालायची. केतकीची आई, उषाताई, या सफरीसाठी पुण्याहून आल्या होत्या. साठीतही गड चढणाऱ्या. मुलांना सुटी नाही म्हणून विहिणींनी घरी बसायचं काय कारण?

"आपण दोघी जाऊ," चारुलताबाई म्हणाल्या.

उषाताई जरा घुटमळल्या, मग हो म्हणाल्या.

आदिलाबादच्या गाडीने त्या हिमायतनगरला उतरल्या आणि नदी धरून माहूरच्या दिशेने निघाल्या. उजव्या हाताचा मुलूख एके काळी निजामाचा, नदीपलीकडचा वऱ्हाडचा, म्हणजे इंग्रजांचा. रझाकारांच्या दिवसांत अलीकडची कितीतरी बिऱ्हाडं रातोरात पलीकडे गेली. चारुलताबाईंचे वडील याच काठचे. त्यांचे दोन भाऊ नदी उतरून गेले ते तिकडचेच झाले. वडील मागे राहिले आणि पुढे नोकरीसाठी हैदराबादला आले. हा काठ त्यांनी लेकीला कधी दाखवला नाही. तो आपल्या पायांनी बघायचा, एवढीच चारुलताबाईंची इच्छा होती.

विहिणींचं नातं मानपानाचं. पहिला दिवस 'तुम्ही पुढे व्हा', 'नाही, तुम्ही' यातच सरला. दुसऱ्या दिवशी दोघींच्या खऱ्या तऱ्हा दिसायला लागल्या. उषाताई फोनमधल्या नकाशावर चालत, घड्याळ बघून पाणी पीत. चारुलताबाईंना वाटेत दिसेल त्याच्याशी बोलायचं असे. कापूस वेचणाऱ्या बायकांशी तेलुगूत, मेंढ्या हाकणाऱ्या म्हाताऱ्याशी दख्खनीत, आणि तेही बांधावर बसून. उषाताईंना उशीर खपत नसे. पण त्या गप्पांमुळेच दुपारी एका घरी गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी पानात पडली, तेव्हा त्या दोनदा मागून घेऊन जेवल्या.

तिसऱ्या दिवशी वाट एका खोल नाल्यापाशी खुंटली. गावकरी म्हणाले, इथून सगळे नदी उतरूनच जातात, पाणी गुडघाभर आहे. चारुलताबाईंनी बूट गळ्यात अडकवले, मोजे तेवढे पायात ठेवले. उषाताई मात्र काठावरच थबकल्या. कडे-कपारींना न भिणारी ही बाई वाहत्या पाण्याला भीत होती.

"हल्लू चला," चारुलताबाई हात पुढे करून म्हणाल्या. "पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

मध्यावर उषाताईंचा पाय शेवाळावरून सटकला. चारुलताबाईंनी त्यांना दंडाला धरून ओढलं आणि तशीच पकड ठेवून पलीकडे आणलं. दोघी कमरेपर्यंत भिजल्या होत्या. उषाताई खडकावर बसल्या आणि एकाएकी रडायला लागल्या.

"चारुताई, मुलांना सुटी मिळाली होती," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला मुद्दाम तुमच्याबरोबर पाठवलं."

"मला ठाऊक आहे."

मुलांनी अंग काढून घेतलं तेव्हाच चारुलताबाईंनी ताडलं होतं. नातीच्या शाळेची चौकशी घरात अचानक थांबली होती. पुण्याचा फोन आला की प्रशांत गच्चीवर जायचा. उषाताईंनी उरलेलं सांगितलं. केतकीला पुण्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली होती, जूनमध्ये सगळ्यांना जायचं होतं, आणि प्रशांतची आई एकटी पडेल म्हणून सांगायचा धीर कुणाला होत नव्हता. ते काम त्यांनी उषाताईंवर सोपवलं होतं.

"तुम्हीही चला," उषाताई म्हणाल्या. "माझा वरचा मजला रिकामाच आहे."

"येईन, राहीन आणि परत जाईन. माझं सगळं हैदराबादेत आहे, उषाताई. मैत्रिणी आहेत, पहाटेचं चालणं आहे. बेगम बाजारातून वर्षाचा मसाला मी नाही आणला, तर आमच्या बिल्डिंगीतल्या निम्म्या घरांचं अडतं. तुम्ही परेशान होऊ नका. पण हे मला पोरांनी सांगायला हवं होतं."

फोनला रेंज मिळावी म्हणून त्या चढ चढून सागाच्या झाडांपाशी गेल्या आणि प्रशांतला फोन लावला.

"तुला मला काहीतरी सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "सांग."

तो अडखळत बोलू लागला. त्यांनी मध्ये एक शब्द घातला नाही, त्याला सोपंही करून दिलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगली संधी आहे, जा. फक्त पुन्हा माझ्याकडे वकील पाठवू नकोस."

फोन ठेवला तेव्हा मात्र त्यांना घरचं दार आठवलं. नात रोज संध्याकाळी दाराशी धावत यायची, ती आता येणार नव्हती. त्या पाठ करून उभ्या राहिल्या. मागोमाग चढून आलेल्या उषाताईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि त्यांचे ओले मोजे पिळून दगडावर वाळत घातले.

पुढच्या पुलावरून परत अलीकडे येऊन माहूरला पोचेपर्यंत दोघींच्या टाचांना फोड आले होते. मानपान केव्हाच वाटेत गळून पडला होता. शेवटच्या चढावर उषाताईंनी आपल्या चढणीच्या दोन काठ्यांतली एक चारुलताबाईंच्या हातात कोंबली आणि 'आता ऐका माझं' म्हणून दामटलं, आणि चारुलताबाईंनी ऐकलं.

जूनमध्ये मुलं पुण्याला गेली. सामान बांधायला चारुलताबाई स्वतः बसल्या. पहिले काही दिवस घर खायला उठायचं, तेव्हा त्या पहाटे आणखी लवकर निघायच्या. पाऊस ओसरला तसं पहाटेच्या मैत्रिणींना त्यांनी पैनगंगेचा काठ ऐकवायला सुरुवात केली. दिवाळीनंतर त्याच काठाने जायला तारनाक्याच्या चार बायका पाठपिशव्या घेऊन चारुलताबाईंबरोबर सिकंदराबाद स्टेशनावर हजर झाल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, वाटेत अडलं तर कुणाला हाक मारायची?

"मला," चारुलताबाई म्हणाल्या, आणि डब्यात आधी चढल्या.