लेकरू थोरलीकडं

रंगपंचमी होऊन गेली आणि राजनंदिनीला ताप भरला. कळंबच्या शिवेवरची त्यांची वस्ती, चहूकडं ऊस. शकुबाईनं धाकट्या सुनेला गवती चहा, आलं, तुळस उकळून पाजलं, वर वाकळ घातली. दोन दिवसांनी कपाळावर आणि मानेवर पाण्यानं भरलेले फोड दिसले. शकुबाईनं पदर सावरून आधी हात जोडले.

"बाया आल्यात," ती म्हणाली. कांजिण्यांना वस्तीवर देवीच्या बायाच म्हणायचे.

दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, चुलीवरची फोडणी बंद झाली. राजनंदिनीच्या नवऱ्यानं, रविराजनं, बारामतीच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. फोडांवर खपल्या धरेपर्यंत लेकराला आईजवळ न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

लेकरू म्हणजे ऋषिराज. दहा महिन्यांचा, अजून अंगावर पिणारा. शकुबाईला लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, म्हणून आजारणीचं सगळं तिच्याकडं. मग पोराचं कोण बघणार? रविराज त्याला कडेवर घेऊन अंगण ओलांडून गेला आणि प्राचीच्या दारात उभा राहिला.

प्राची त्याची वहिनी. थोरला भाऊ मानसिंग छातीत कळ येऊन गेला, तेव्हापासून ती अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गावच्या अंगणवाडीत शिकवायची. मूलबाळ नव्हतं. दोन्ही घरांत पाण्याची मोटार एक, वाट एक, पण ऋषिराजच्या बारशापासून प्राचीनं त्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. त्या दिवशी ती पाळण्याजवळ गेली होती, आणि शकुबाई भरल्या बायकांत म्हणाली होती, "तू आत बस गं, सवाष्णी करत्याल." राजनंदिनी पाळण्याशीच बसली होती. तिनं मान खाली घातली. प्राची आत न बसता सरळ आपल्या घरी आली होती.

"वयनी," रविराज म्हणाला, "कुठल्या तोंडानं सांगू? पण तुमच्याबिगर कोण न्हाय."

प्राचीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. पोर रडून रडून लाल झालं होतं. तिनं हात पुढं केले.

"दुपटी आणून टाका. आन् त्याची वाटी."

पहिले दोन दिवस पोरानं तिला दमवलं. वाटीचं दूध थुंकलं, चमचा फेकला. प्राचीनं रजा टाकली. नाचणीचं सत्त्व शिजवून त्यात गुळाचा खडा घातला. ते त्यानं तोंड वाकडं करत का होईना, गिळलं. मग तिच्या खांद्यावर डोकं टाकून तो झोपला. त्याच्या टाळूला खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास होता. पाठ अवघडून आली तरी प्राचीनं त्याला खाली ठेवलं नाही.

पलीकडं शकुबाई पाल्याच्या पाण्यानं सुनेचं अंग टिपून काढत होती. अंथरुणावर लिंबाची कोवळी पानं पसरत होती. खाज सहन होईना तेव्हा राजनंदिनी ओरडायची, तो आवाज अंगणात यायचा आणि ऋषिराज खेळता खेळता थांबायचा.

दर सांजेला प्राची त्याला घेऊन अंगणात, खिडकीपासून लांब उभी राहायची. तेवढंच आईला दर्शन. एकदा राजनंदिनी गजाला धरून म्हणाली, "आक्का, बारशाच्या दिवशी मला बोलता आलं असतं."

"व्हय, आलं असतं," प्राची म्हणाली. "आधी बरी हो."

बरं होण्याऐवजी तिला खोकला लागला. धाप लागू लागली, ओठ काळवंडले. रविराज गाडी काढू म्हणाला, पण बाया घरात असताना आजारणीला बाहेर काढायचं कसं, असं शेजारच्या छबूबाईचं म्हणणं पडलं. सगळे शकुबाईकडं बघू लागले. ती सुनेच्या उशाशी बसली होती. तिनं सुनेच्या छातीवर हात ठेवला, आणि तसाच बराच वेळ राहू दिला.

"मानसिंगच्या येळंला मी सकाळ होऊ दी म्हणलं हुतं," ती म्हणाली. मग उठली. "देवीची माफी मी मागीन. गाडी काढ, रवी."

प्राचीनं ते अंगणातून ऐकलं. मानसिंग गेल्यापासून त्याचं नाव त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं.

बारामतीत डॉक्टर म्हणाले, आजार फुप्फुसात उतरलाय, वेळेवर आणलंत. पाडवा दवाखान्यातच गेला. शकुबाई तिकडं सुनेजवळ राहिली, आणि दोन्ही घरांची गुढी प्राचीनं एकाच काठीवर उभारली. त्याच दिवसांत ऋषिराज भिंतीला धरून उभा राहिला, आणि तिच्याकडं बघून हसला. आईच्या आधी हे आपण पाहिलं, याचं तिला सुख झालं आणि लगेच लाजही वाटली.

राजनंदिनी घरी आली ती वाळलेली, तोंडावर काळे डाग घेऊन. शकुबाईनं तिला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, देवीला दहीभात दाखवला आणि प्राचीला हाक मारली. प्राची लेकराला घेऊन उंबऱ्याशी आली.

"आत ये की गं पोरी," शकुबाई म्हणाली. "आत ये."

राजनंदिनीनं दोन्ही हात पसरले. पोरानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि किंचाळून प्राचीच्या मानेला मिठी घातली. राजनंदिनीचे हात तसेच राहिले. मग तिनं तोंड झाकून घेतलं.

त्या क्षणी प्राची त्याला परत नेऊ शकली असती. कुणी अडवलं नसतं. ती आत आली, राजनंदिनीला खेटून खाली बसली आणि पोराला आपल्याच मांडीवर ठेवलं.

"तोंड झाकू नगंस. बघू दी त्याला. बोल त्याच्याशी."

राजनंदिनी रडत रडतच बोलू लागली, पाजताना म्हणायची ते काहीबाही. पोर कान टवकारून ऐकत राहिलं. त्या दिवशी ते गेलं नाहीच. प्राची दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. शकुबाई तिच्यापुढं चहा ठेवायची. शेवटी एका दुपारी ऋषिराज स्वतःहून रांगत आईच्या मांडीवर चढला, तिच्या गालावरच्या डागाला बोट लावून बघितलं आणि तिथंच झोपी गेला.

प्राची आवाज न करता उठली. अंगण ओलांडून घरी आली. दोरीवरची दुपटी वाळली होती. त्यांच्या तिनं एकेक करून घड्या घातल्या, आणि ओटीवर बसून मग पोटभर रडली.