एकच रिकामी वाटी

अख्ख्या हॉटेलात एकच वाटी रिकामी होती, आणि ती माझ्या नवऱ्याची होती.

गर्दीच्या धांदलीत आतल्या दोन आचाऱ्यांनी एकाच सूपमध्ये दोनदा मीठ घातलं होतं. लोक थू थू करत पाणी मागत होते, आणि वाढपी माफी मागत टेबलाटेबलावरून भरलेल्या वाट्या उचलत होता. मी स्टेजवरच्या बाजेवाल्यांकडे तोंड करून बसले होते. पहिलाच घोट घेतला आणि घशाला चटका बसला. मागे वळले, तर आमचे साहेब पावाच्या तुकड्याने वाटीचा तळ पुसत होते.

"झकास झालंय," ते म्हणाले.

थट्टा असेल म्हणावं, तर अन्नाच्या बाबतीत हा माणूस थट्टा करत नाही. भीड तर त्याहून नाही. आमच्या लग्नाच्या पंगतीत, गळ्यात हार असताना, यांनी आचाऱ्याला बोलावून भातात मीठ कमी असल्याचं सुनावलं होतं.

आमची खानावळ आहे. रांधायचं मी, चाखायचं त्यांनी. शिस्त सासूबाईंची. विकायच्या पातेल्यातलं घरच्यांनी जेवायचं नाही, आणि चव एकाच जिभेने घ्यायची, नाहीतर जितक्या जिभा तितक्या चवी. रोज सकाळी मी पळी पुढे करायची, ते चाखायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "झालं," नाहीतर, "अजून मीठ." खानावळीचं कालवण मी आजवर जिभेला लावलेलं नाही. लोकांना हसू येतं. येऊ दे.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र गिऱ्हाईक गळायला लागलं. रोजची माणसं अर्धं ताट टाकून उठायची आणि तोंडावर काही बोलायची नाहीत. घरी दोघांपुरतं केलेलं नीट व्हायचं. मोठ्या पातेल्यावरचा माझा हात गेला, एवढंच मला कळलं. खानावळीला कुलूप लावायचं, असं मी त्यांना सांगून टाकलं. त्यावर त्यांनी ही सहल काढली. शनिवार-रविवार शहरात जाऊ, चार ठिकाणचं खाऊ, गाणं-बजावणं ऐकू, मग काय ते ठरव म्हणाले.

शहर म्हणजे नुसती जत्रा. एका कोपऱ्यावर तळण, दुसऱ्यावर वाजवणारे. सकाळपासून आम्ही भाजलेले मासे खाल्ले, तळलेले बटाटे खाल्ले, मधाचा केक खाल्ला. प्रत्येक गाडीवर ते पहिला घास मला देत होते. उतारवयात प्रेम उतू चाललंय म्हणून मी खूश. मी खाल्लं की माझ्याकडे बघायचे, मग स्वतः खाऊन निकाल द्यायचे. वाजवणाऱ्यांपुढे मात्र डोळे मिटून असे उभे राहायचे, की बाहीला धरून ओढावं लागायचं.

आता त्या टेबलावर मला हे सगळं एकदम आठवलं. सूप आलं तेव्हा माझी त्यांच्याकडे पाठ होती.

मी बशीतली लिंबाची फोड उचलली, मुठीत लपवली आणि म्हटलं, "डोळे मिटा. तोंड उघडा."

त्यांनी माझा हात धरून हळूच खाली ठेवला. "डोळे मिटायला सांगू नकोस," ते म्हणाले. "मिटले की मला काहीच कळत नाही."

बाजेवाल्यांनी नेमकी तेव्हाच जलद चाल धरली. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मी दगडासारखी बसून राहिले. ते खालच्या आवाजात सांगत होते. गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला होता, त्यात त्यांच्या तोंडाची चव गेली होती. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणारही नाही. तेव्हापासून ते माझा चेहरा वाचत होते. चेहरा निवांत दिसला की "झालं." काळजीत दिसला की "अजून मीठ."

आणि वर्षभर माझ्या चेहऱ्यावर काळजीशिवाय होतं काय? गिऱ्हाईक गेलं की मी काळजीत, मी काळजीत की मीठ, मीठ पडलं की गिऱ्हाईक जातंय. माझं हसावं की रडावं असं झालं. पळी हाताशी असती तर मी ती त्यांच्या डोक्यात घातली असती. वर्षभर मी रात्री उशीत तोंड खुपसून माझ्या हाताला शिव्या दिल्या होत्या, आणि हे शेजारी पडून ते ऐकत होते. सांगायला काय झालं होतं, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू स्वतःच चाखलं असतंस," ते म्हणाले. "मग तिथे माझं काय काम उरलं असतं?"

मी मुठीतली लिंबाची फोड परत बशीत ठेवली.

वाढप्याने सूपच्या दोन ताज्या वाट्या आणून ठेवल्या आणि पुन्हा माफी मागून गेला. त्यांनी आपल्या वाटीला हात लावला नाही. मी चमचा भरून तोंडात घातला. ते पुढे झुकले, पण या वेळी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मान खाली घालून, लग्नानंतर पहिल्यांदा, त्यांनी मला विचारलं, "मीठ कसं आहे गं?"

मला सांगता येईना. डोळ्यांतलं पाणी ओठांवर उतरलं होतं, आणि मला सगळंच खारट लागत होतं.