सावरडोहच्या कोतवाल बुकाचा लाल रुमाल

मी एक जुना लाल रुमाल आहे. खिशातला नव्हे मित्रांनो, कचेरीतला. जे कागद कधीच फाडायचे नसतात, ते सरकार लाल रुमालात बांधून ठेवते. माझी कचेरी कोणत्या तालुक्याची ते सांगणार नाही. दारव्ह्याची नाही, घाटंजीचीही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उरलेल्या तालुक्यांनी आपसात ठरवून घ्यावे.

माझा कापूस बोरी अरबचा. माझी पहिली गाठ इतकी घट्ट होती की दाताने सोडताना एका शिपायाचा दात पडला. तो अजून माझ्या काठात अडकलेला आहे. खोटे वाटत असेल तर सोमवारी तीन ते पाच या वेळात येऊन बघा, तेव्हा रेकॉर्ड दाखवायचा नियम आहे. माझ्या कोपऱ्यावर पक्क्या शाईने लिहिले आहे: 'सावरडोह, कोतवाल बुक, १९३१ ते १९४५'. त्या गावात कोण जन्मले, कोण मेले, कोणत्या जातीचे होते, सारे माझ्या पोटात. जुने रेकॉर्डकीपर मला दर दिवाळीआधी उन्हात झटकायचे आणि म्हणायचे, "हे सावरडोहचं काळीज हाय." मी फुगायचो. एकदा तर इतका फुगलो की कपाटाचे दार लागेना.

मग घनश्यामबाबू आले. त्यांनी अकरा वर्षे मला हात लावला नाही. मला वाटे, माणसाचा माझ्यावर केवढा विश्वास.

गेल्या वर्षी सावरडोहचे मारोतीआजोबा आले. वय शहाऐंशी. नात दीपा हिचा नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीसाठी आजोबांच्या जन्माची नोंद हवी होती, सन १९३९ ची. गावाचा कोतवाल म्हणजे आजोबांचा बापच. साऱ्या गावाची जन्ममरणे त्यानेच पायी हिंडून गोळा केली होती.

"बाबूजी, माह्याच बापाची वही हाय थे. एक पान पायजे."

"बापाले घेऊन या मंग," घनश्यामबाबू म्हणाले. "थेच शोधून देतीन."

आजोबांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तराला तीस दिवसांची मुदत. सत्ताविसाव्या दिवशी अठ्ठावीस सप्टेंबर उजाडला, म्हणजे माहिती अधिकार दिन. हार आले, पाहुणे आले, पण टेबलावर घालायला कापड नव्हते. घनश्यामबाबूंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. त्यांनी मला सोडले, पोटातल्या वह्या मागच्या ओट्यावर ठेवल्या आणि मला टेबलावर पसरले.

त्या दिवशी बाजार होता. ओट्यावर एक बकरी आली. तिने १९३१ पासून सुरुवात केली आणि एकही वर्ष न गाळता क्रमाने पुढे गेली. इतकी शिस्त मी त्या कचेरीत दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

पुढे भाषणे चालली होती. मारोतीआजोबांना 'जागरूक नागरिक' म्हणून गुलाबाचे फूल दिले. फूल घेऊन, माझ्यावर हात टेकवून त्यांनी विचारले, "माह्या अर्जाचं काय झालं सायेब?"

"आजच्या दिवशी तरी अर्जाचं काढू नका, आजोबा," साहेब हसून म्हणाले.

तेवढ्यात मागे बकरी १९३९ वर पोचली.

तिसाव्या दिवशी उत्तर गेले: 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' आजोबांनी अपील केले. सुनावणी त्याच टेबलावर झाली. मी तिथे इतका शोभत होतो की मला कोणी काढलेच नव्हते.

"रुमाल गेला कुठं?" अपिलाच्या साहेबांनी विचारले.

घनश्यामबाबूंनी दोन्ही कोपर माझ्यावर टेकले. "शोधूनच राह्यलो सायेब. चारही कपाटं पाह्यली."

आजोबांची मान खाली होती. खाली माझा कोपरा लोंबत होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेक अक्षर लावत वाचला.

"बाबूजी, ज्याच्यावर चहा सांडून राह्यले, थोच हाय हा."

मित्रांनो, मला वाटले आता न्याय होणार. काठातला दातसुद्धा शिवशिवला. साहेबांनी मला दोनदा वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, सापडला. उगाच कचेरीला नावं ठेवता."

"अन् आतल्या वह्या?"

"त्यांचा वेगळा अर्ज करा. तीस दिवस लागतील."

"परवा शेवटची तारीख हाय पोरीची. मी इथं बसलो हाव ना तुमच्यापुढं? जन्मलोच नसन तं आलो कुठून?"

"तेच तर कागदावर पाहिजे," साहेब म्हणाले.

मग माझी झेरॉक्स काढली. लाल रंग काळाकुट्ट उमटला. त्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून ती आजोबांना दिली. निकालात लिहिले: 'रुमाल मिळून आला, प्रत देण्यात आली, अपील निकाली.' दीपा आता दारव्ह्याच्या एका दवाखान्यात दाराशी बसून पेशंटचे नंबर पुकारते.

मित्रांनो, तुमच्या आजोबा-पणजोबांच्या नोंदी कोणत्या कचेरीत आहेत ते आजच विचारा. त्यांच्या नकला आजच काढून आणा, गरज पडायची वाट पाहू नका. माझी मात्र चिंता नको. माझी फार काळजी घेतात. मला धुतले, इस्त्री केली, नव्या कपाटात कुलपात ठेवले. पोटात काही नाही. वर्षातून एकदाच मला बाहेर काढतात, अठ्ठावीस सप्टेंबरला.