सप्तर्षींच्या शेपटाशी

“दिसो का नको दिसो, ‘दिसली’ म्हणजो, पोरी. मानसं जेवाची खोळंबली.”

बोहल्यामागून कुजबुजलेला आत्याचा तो आवाज गोपिकाबाईंच्या कानात तीस वर्षं तसाच राहिला होता. आभाळ भरलेलं, नवरदेव बोटानं अरुंधती दाखवतोय, आणि त्या मान खाली घालून म्हणतात, दिसली. संसाराला सुरुवात झाली ती अशी.

सत्तावन्न साली नवऱ्याचं तेच बोट पुन्हा सप्तर्षींकडे वळलं. वासुदेवराव गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि टिनाच्या नळीत भिंग बसवून त्यांनी आंजी गावातल्या घराच्या अंगणात दुर्बीण उभी केली. सप्तर्षींच्या शेपटाशी म्हणे दोन आकाशगंगा आहेत. थोरली धाकटीला ओढते, धाकटीनं थोरलीचा हात धरलाय. गाव पाहून गेलं. ‘नाई दिसलं’ असं एकानंही म्हटलं नाही.

“झ्याक हाय, गुरुजी!” शेजारचा तानबा म्हणाला. “थोरली तं थेट वयनीवानी. ओढूनच राह्यली!”

गोपिकाबाईंना महिनाभर स्वतःच्या पापण्या तेवढ्या दिसल्या. ‘दिसल्या’ म्हणण्यात त्यांनी कुचराई केली नाही.

चैत्री अवसेला, जेवणं उरकल्यावर, गुरुजींनी कागद पुढे केला. दोन भोवरे, मधे तारकांचा बारीक हात. चित्र उद्या नागपूरच्या आकाशमंडळाला जाणार. पसंत पडलं तर गुरुजी सभासद. फक्त पाहणाऱ्या साक्षीदाराची सही हवी.

“तानब्याची घ्या ना.”

“तो अंगठा लावते. तुले सही येते.”

येत होती. गेल्या साली गुरुजींनीच शिकवली होती, आणि डोळ्यांनी पाहिल्याबिगर करू नये असं बजावलंही होतं. तोंडानं म्हणणं वेगळं. बाईंनी पदर खोचून नळीला डोळा लावला.

“झालं का?”

“थांबा नं जी.”

तांदळात खडा शोधावा तशा त्या पाहत राहिल्या. आणि हळूच, काळ्या लुगड्याला पिठाची बोटं लागावीत तसे दोन पुसट डाग उमटले. एक मोठा, एक लहान.

“हायेत जी! दोघीबी हायेत!”

“मंग कर सही.”

बाईंनी कागद कंदिलाशी धरला. “पन हात कुठी हाय? भोवरे कुठी हायेत? तिथं तं नुसते डाग हायेत. तुमाले कुठी दिसला हात?”

गुरुजी चष्मा पुसू लागले. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

“पुस्तकातून काढला,” शेवटी ते म्हणाले. “शेपटाची चांदणी दिसते मले. तिच्याजवळ कधीच काई नाई दिसलं.”